घराचा पाया का हलतो आणि ते वेळेत कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या मातीवर घर असलेल्यांकडून वर्षातून दोनदा प्रश्नांची रीघ लागते. एकदा एप्रिल-मे महिन्यांत, जमीन भेगाळली की; आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, दारं चौकटीत अडकायला लागली की. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर, कुठूनही आले तरी प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. डोंगरउतारावरच्या घरांसाठी प्रश्न १७ वेगळा आहे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काळ्या मातीतच पाया का हलतो? मुरमावरच्या घरांना हा त्रास का नसतो?

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन आपली काळी कापसाची माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे, आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. म्हणून ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. मुरमातून पाणी निथळून जातं, त्याचं आकारमान फारसं बदलत नाही.

नुसत्या फुगण्या-आकसण्याने घर तडकत नाही. सगळं घर एकसारखं वर आलं आणि एकसारखं खाली बसलं तर भिंतींना पत्ताही लागणार नाही. नहाणीच्या बाजूची माती बारा महिने ओली आणि पश्चिमेच्या उघड्या भिंतीखालची माती मे महिन्यात कोरडी ठक्क, असं झालं की मधली भिंत ताणली जाते आणि तडकते. ही ओल-सुकी वरच्या दीड ते साडेतीन मीटरच्या थरात चालते. त्याखाली ओलावा वर्षभर जवळपास तेवढाच राहतो. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींवर उभी आहेत: घराभोवतीची ओल सगळीकडे सारखी ठेवायची, नाहीतर पाया या थराच्या खाली न्यायचा.

२. आमचा प्लॉट काळ्या मातीचा आहे. ती किती फुगणारी आहे हे कसं कळेल?

आधी प्लॉटवर मे महिन्यात जाऊन या. भेगांमध्ये हात जातो का बघा. खोल काळ्या रानात काही सेंटीमीटर रुंद आणि मीटरभर खोल भेगा पडणं नेहमीचंच आहे. मग शेजारपाजारच्या कुंपणाच्या भिंती बघा. त्यांचा पाया उथळ आणि वजन कमी असल्यामुळे जमिनीची करामत सगळ्यात आधी त्यांच्यावर दिसते. जागोजागी तुटलेल्या, आत-बाहेर कललेल्या कुंपणभिंती दिसल्या तर समजून जा.

खात्री करायची तर मुक्त फुगवटा चाचणी करून घ्या. ही माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते आणि अगदी साधी आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती एका मापनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हीकडचं आकारमान वाचायचं. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरलं तर फुगवटा ८० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० टक्क्यांच्या आत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यापुढे फार जास्त. पन्नासच्या पुढे आकडा गेला की पाया गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

३. भिंतीला तडा गेला म्हणजे पाया खचला असं समजायचं का?

नाही. घाबरून विचारलेल्या तड्यांच्या फोटोंमध्ये निम्मे तरी पायाचे नसतात. नेहमी फसवणारे हे चार:

गिलाव्यावर जाळीसारखे पसरलेले केसाएवढे तडे. गिलावा करताना पाणी नीट मारलं नाही, किंवा सिमेंट जास्त झालं, तर असे पडतात. ते गिलाव्यापुरतेच असतात.

स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या माथ्यावरून आडवा गेलेला तडा. उन्हाने गच्ची तापते, स्लॅब पसरतो आणि भिंतीच्या डोक्यावरून सरकतो. वरच्या मजल्यावर हा तडा हमखास दिसतो.

कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ उभी रेघ. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. बांधतानाच सांध्यावर जाळी ठोकून गिलावा केला असता तर ही टळली असती.

बीम किंवा कॉलमच्या लांबीने जाणारा, तांबूस डाग असलेला तडा. ही आतली सळई गंजून फुगल्याची खूण. पायाशी संबंध नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

४. मग पायाचा तडा नेमका कसा असतो?

तिरका असतो. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघतो आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी वर किंवा खाली जातो. त्याची रुंदी सगळीकडे सारखी नसते: एका टोकाला केसाएवढा, दुसऱ्या टोकाला नाणं जाईल एवढा. आणि तो भिंतीच्या आतूनही दिसतो, बाहेरूनही.

कोणती बाजू खाली बसली हेही तडा सांगतो. तडा तिरका चढत वर ज्या बाजूला जातो, ती बाजू दुसरीच्या मानाने खाली गेलेली असते. घराचे कोपरे बसले असतील, किंवा मधला भाग वर उचलला गेला असेल, तर तडे वरच्या टोकाला रुंद असतात. मधला भाग बसला असेल तर खालच्या टोकाला रुंद. "मानाने" हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता तडा बघून एक बाजू खचली की दुसरी फुगून वर आली हे ठरत नाही. त्यासाठी ऋतू आणि पाणी दोन्ही बघावं लागतं (प्रश्न ७ आणि १०).

सोबतच्या खुणा शोधा. काल-परवापर्यंत सहज लागणारं दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं. खिडकीची कडी खोबणीत बसत नाही. फरशी आणि भिंत यांच्यात फट पडते. बाहेरचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे जोत्याला लागून घराभोवती केलेला पक्का पट्टा, जोत्यापासून सुटतं. पायऱ्या किंवा पोर्च घरापासून वेगळे व्हायला लागतात. तिरका तडा आणि यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर पायाकडे बोट दाखवायला हरकत नाही. एकटं घासणारं दार पुरावा नव्हे, पावसाळ्यात लाकूडही फुगतं.

५. तडा किती रुंद झाला की काळजी करायची?

अभियंते ढोबळमानाने असं मोजतात: १ मिमीपर्यंत रंगरंगोटीत जाणारा, ५ मिमीपर्यंत किरकोळ, ५ ते १५ मिमी मध्यम, १५ ते २५ गंभीर, त्याच्या पुढे फार गंभीर. पाचच्या पुढे गेला की अभियंत्याला बोलवा. पण आजच्या रुंदीइतकंच महत्त्व वाढीच्या वेगाला आहे. दहा वर्षं ६ मिमीवर थांबलेल्या तड्यापेक्षा दोन महिन्यांत शून्यावरून ३ मिमीवर आलेला तडा मला जास्त अस्वस्थ करतो.

६. घर ताबडतोब रिकामं करावं अशी खूण कोणती?

भिंत ओळंब्याबाहेर कलली आहे किंवा तिला मधे पोट सुटलं आहे. बीम, तुळई किंवा लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) टेकणाच्या जागेवरून सरकलं आहे. तडा दिवसागणिक वाढताना डोळ्यांनी दिसतो आहे. कॉलमच्या बुडाशी काँक्रीट फुटून सळई वाकली आहे. रात्री तडतडल्याचे आवाज आणि त्याबरोबर वरून माती-गिलावा पडतो आहे. यांतलं काहीही दिसलं तर माणसं आधी बाहेर काढा, फोन नंतर करा. त्या भिंतीला टेकून खाट किंवा पाळणा ठेवू नका. टेकू लावायचा तो माहितगाराकडूनच लावून घ्या. चुकीच्या जागी दिलेला टेकू भिंतीला ढकलूही शकतो.

७. उन्हाळ्यात तडे उघडतात, पावसाळ्यात मिटतात. सिमेंटने भरून टाकले तर चालेल ना?

कृपा करून मे महिन्यात भरू नका. त्या वेळी तडा सगळ्यात जास्त उघडलेला असतो. त्यात कडक सिमेंट भरलं की पावसाळ्यात माती फुगून भिंत परत जागेवर यायला बघते आणि मधलं सिमेंट तिला अडवतं. मग शेजारी दुसरा तडा जातो. एकाच जागी चार-पाच रेघा ओढल्यासारख्या दिसणाऱ्या भिंती गावोगाव आहेत, त्या दरवर्षी केलेल्या डागडुजीने झालेल्या आहेत.

ऋतूप्रमाणे उघडणारा-मिटणारा तडा म्हणजे उथळ पायाखालची माती सुकते आणि भिजते आहे. आधी तडा एक वर्ष मोजा (प्रश्न ८). मग पाण्याचा बंदोबस्त करा (प्रश्न १०). पाऊस सरल्यावर, जमीन वाफशावर आल्यानंतर म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तडा भरा, आणि तोही लवचीक सीलंटने. पुढच्या दोन्ही ऋतूंत हालचाल थांबलेली दिसली की मग पक्की दुरुस्ती आणि रंग.

८. तडा वाढतोय की थांबलाय हे घरच्या घरी कसं मोजायचं?

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. तडा लांबला तर लगेच कळेल. रुंदीसाठी तड्याच्या दोन बाजूंना, साधारण वीतभर अंतरावर, दोन बारीक स्क्रू पक्के बसवा. प्रत्येकाच्या डोक्यावर मधोमध एक टिंब करा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन टिंबांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. कॅलिपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मोजपट्टीने अर्ध्या मिलिमीटरचा फरक नीट वाचता येत नाही, आणि इथे तेवढाच फरक महत्त्वाचा असतो.

जुने मिस्त्री तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. हलते की नाही एवढं त्यातून कळतं, किती आणि कोणत्या दिशेने ते कळत नाही. वहीत तारीख, अंतर, आणि त्या महिन्यात किती पाऊस झाला, बोअर किती चालला, कोणती टाकी वाहिली, एवढं लिहून ठेवा. बारा महिन्यांची अशी वही अभियंत्याच्या हातात दिलीत तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

जमीन खाली-वर झाली का हे बघायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर एका पातळीत खुणा करून ठेवा आणि मे व सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासा.

९. शेजारचं दुमजली घर ठणठणीत आहे. आमचं साधं पत्र्याचं एकमजली घर का तडकतं?

कारण ते हलकं आहे. एकमजली घराचा भार पायाच्या तळाशी दर चौरस मीटरला जेमतेम सहा-सात टन असतो. पत्र्याचं छप्पर असेल तर त्याहून कमी. जास्त फुगणाऱ्या मातीचा दाब त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, मग ती घराला सहज उचलते. जड घर मातीला काही प्रमाणात दाबून धरतं. शिवाय दुमजली बांधताना लोक सहसा अभियंत्याकडून नकाशा आणि पाया काढून घेतात, एकमजल्याला "एवढं काय त्यात" म्हणून दोन फुटांवर पाया थांबवतात. वरचा मजला चढवून घर जड करणं हा मात्र यावरचा उपाय नाही. कमकुवत पायावर भार वाढवल्याने दुसरंच संकट उभं राहतं.

१०. घराभोवतीचं पाणी म्हणजे नेमकं कुठलं पाणी बघायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. पायाच्या दुरुस्तीसाठी आलेल्या बहुतेक घरांमध्ये कुठेतरी पाणी मुरत असतं आणि घरच्यांना त्याची सवय झालेली असते.

एका तीन खोल्यांच्या घराचा ईशान्येचा कोपरा चार वर्षं तडकत होता. दोनदा गिलावा बदलून झाला होता. बाहेर त्या कोपऱ्याला लागून सांडपाण्याचं चेंबर होतं. झाकण काढून बादलीभर पाणी ओतलं. पाणी पुढच्या पाइपात जायच्या आधी तळाच्या सांध्यातून खाली नाहीसं झालं. चेंबरच्या तळाला कोबाच नव्हता, विटा थेट मातीवर ठेवलेल्या होत्या. रोजचं धुण्याभांड्याचं पाणी त्या एका कोपऱ्याखाली जात होतं. चेंबर पक्कं केलं, सांडपाणी लांब नेलं, पुढचा उन्हाळा आणि पावसाळा तडा मोजला, आणि तो थांबल्यावर भिंत दुरुस्त केली. पायाला हात लावावा लागला नाही.

तुमच्याकडे हे तपासा. गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप जोत्याशीच सुटतो का? त्याला पुढे गटारापर्यंत न्या. नहाणी आणि मोरीचे चेंबर बादलीने तपासा. जमिनीखालची पाण्याची टाकी रात्री भरून नळ बंद करा आणि सकाळी पातळी बघा. शोषखड्डा घरापासून निदान ६ मीटर लांब हवा. लहान प्लॉटवर ते जमत नसेल तर प्लॉटच्या दूरच्या कोपऱ्यात घ्या आणि घराकडची बाजू पक्की बांधून काढा. कूलरचं गळणारं पाणी आणि भिंतीला लागून असलेली फुलझाडांची आळी हीसुद्धा मोजणीत धरा.

घराच्या चारही बाजूंना, एकही बाजू न सोडता, प्लिंथ प्रोटेक्शन हवं. रुंदी मीटरभर तरी, खोल काळ्या मातीत दीड-दोन मीटर असेल तर उत्तम. उतार बाहेरच्या बाजूला, मीटरमागे २ ते २.५ सेंटीमीटर. जोत्याच्या सांध्यात फट पडली की डांबरी मसाला किंवा सीलंट भरत राहा. तीन बाजूंना केलं आणि गल्लीकडची बाजू राहिली, तर ओल तिथूनच आत-बाहेर करते.

११. खोलीच्या मधोमध फरशी वर आली आहे, भिंती मात्र ठीक आहेत. हा पायाचाच दोष का?

पायाचा नाही, जोत्याच्या भरावाचा. पाया खोदताना निघालेली काळी माती फेकायला नको म्हणून तीच जोत्यात भरतात. घर झालं की फरशीखालची ओल उडून जायला वाट राहत नाही, ती हळूहळू साठते आणि मधला भाग फुगतो. टाइल्स आधी पोकळ वाजतात, मग तंबूसारख्या उठतात. उपाय एकच: फरशी काढून काळी माती उपसायची, मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून भरायचा, वर सोलिंग (दगडांचा थर) आणि काँक्रीट करायचं. न फुगणाऱ्या चिकण मातीचा जाड थर मधे दिला तर खालच्या मातीचं फुगणं दबतं, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं. कालव्यांच्या अस्तराखाली ती पद्धत वापरतात. नुसती वाळू भरू नका. वाळूत पाणी साचून राहतं आणि खालच्या काळ्या मातीला मिळत राहतं.

१२. घराजवळ कडुलिंब आहे. तोडावा का?

घाईने नाही. मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी मातीतली ओल ओढतं आणि त्या बाजूची माती जास्त आकसते, हे खरं. पिंपळ-वडाची मुळं जोत्याच्या सांध्यात शिरतात, तेही खरं. पण वर्षानुवर्षं सुकलेली माती झाड तोडल्यावर पुन्हा ओल धरते आणि फुगते. हे फुगणं काही वर्षं चालू शकतं, आणि बसलेली भिंत आता उलटी उचलली जाते. म्हणून आधी तडा मोजा. झाड घरापेक्षा जुनं असेल तर छाटणी करून त्याचा विस्तार आटोक्यात ठेवणं बरं. नवीन झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर घरापासून सोडा. भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप मात्र दिसल्या दिवशी मुळासकट काढा. शहरात झाड तोडण्याआधी पालिकेची परवानगी लागते.

१३. नवीन घर बांधतोय. पाया किती खोल घ्यायचा?

मुरूम किंवा मांजऱ्या खडक दीड-दोन मीटरवर लागत असेल तर सरळ तिथपर्यंत जा. पैसे वाचवायचे असतील तर टाइल्सवर वाचवा. काळी माती खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या मातीसाठी विकसित केलेले, बुडाशी फुगीर कंद असलेले पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात, म्हणजे हलत्या थराच्या खाली. कंदाचा व्यास दांड्याच्या अडीच पट असतो आणि तो खाली पकडून धरतो, त्यामुळे वरची माती फुगली तरी पाइल उपटला जात नाही. पाइल्सवरचा बीम जमिनीला टेकवायचा नसतो. खाली निदान ८० मिमी मोकळी जागा ठेवायची. गवंडी ती जागा "पोकळ कशाला" म्हणून भरून टाकतात, तेव्हा त्या दिवशी साइटवर स्वतः थांबा.

१४. आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. आमच्यासाठी काही वेगळं?

हो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात काळा थर फार खोल आहे, मुरूम लागायची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे पाइल्स घ्या (प्रश्न १३). दुसरी अडचण बोअरच्या खाऱ्या पाण्याची. सळई असलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असलेलं पाणी मानकाप्रमाणे चालत नाही. बांधकामाआधी पाण्याचा नमुना तपासून घ्या आणि लागलं तर टँकर आणा. क्युरिंगलाही तेच पाणी वापरा. जोत्यावर कमरेपर्यंत लोणा धरून गिलावा पोपडत असेल तर ती चढलेल्या खाऱ्या ओलीची खूण आहे. वरून सिमेंट थापून ती थांबत नाही, जोत्यावर ओलरोधक थर हवा.

१५. आमचं कॉलमचं घर आहे, तरी खालच्या भिंती तडकल्या. कसं काय?

कॉलम मुरमावर आणि मधल्या भिंती काळ्या मातीवर, असं बऱ्याच ठिकाणी असतं. प्लिंथ बीमच (जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणारा आडवा बीम) घेतलेला नसतो, किंवा घेतलेला असतो पण मातीला टेकलेला. कॉलम जागच्या जागी राहतात आणि भिंती खाली-वर होतात. सांगाडा शाबूत असेल तर घराला धोका कमी. दुरुस्तीत भिंतीचा भार नव्या बीमवर घेता येतो. सांगाडा खरंच शाबूत आहे की नाही हे मात्र अभियंत्याने कॉलमच्या बुडाशी खोदून बघितलं पाहिजे.

१६. आजोबांचं दगड-मातीचं जुनं घर आहे. जाड भिंती म्हणजे मजबूतच ना?

जाडीवर विश्वास ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं अशाच जाड दगडी भिंतींखाली गेली. या भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात आणि मधे माती-दगडांची भर. दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नसतील तर पाणी मुरून भर खाली बसते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. हे पोट म्हणजेच इशारा. भिंतीला लांब सरळ पट्टी लावून दरवर्षी बघा. बाहेरचा पदर सुटला असेल तर आरपार काँक्रीटचे बंध घालता येतात. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, दरवर्षी माती टाकून वाढवलेलं वजन आधी उतरवा.

१७. आमचं घर कोकणात डोंगराच्या उतारावर आहे. इथे तर काळी माती नाही.

तिथला धोका वेगळा आणि जास्त मोठा. जांभा पाया नीट पेलतो, पण त्याखालचा मातीचा थर अतिवृष्टीत पाण्याने जड होऊन घरासकट सरकू शकतो. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैच्या धुवाधार पावसातल्या. घराच्या वरच्या अंगाला जमिनीवर धनुष्यासारखी वळलेली भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, नव्या जागी झरा फुटणं, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, या खुणा दिसल्या तर तडे मोजत बसू नका. गाव सोडून सुरक्षित ठिकाणी जा आणि तहसील कार्यालयाला कळवा. उतार कापून मागे जागा वाढवली असेल आणि तिथे पाणी निथळायच्या नळ्या असलेली संरक्षक भिंत नसेल, तर ते काम पावसाळ्याआधी करा.

१८. प्लॉट पूर्वी खदान किंवा विहीर होता असं आता कळलं. काय करायचं?

भराव अनेक वर्षं बसत राहतो. अर्धं घर भरावावर आणि अर्धं मूळ जमिनीवर असेल तर तडा नेमका त्या सीमेवर, वरपासून खालपर्यंत जातो. जुना सातबारा, गट नकाशा आणि गावातली वयस्क माणसं यांच्याकडून विहीर किंवा नाला कुठे होता ते ठरवा. नवीन बांधकाम असेल तर भरावाखालच्या मूळ थरापर्यंत जाणं किंवा जागा सोडणं, हे दोनच मार्ग.

१९. शेजाऱ्याने आमच्या भिंतीला लागून तळघर खोदलं आणि तडे गेले. आता?

आजच सगळ्या तड्यांचे तारीख दिसतील असे फोटो काढा आणि पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला लेखी कळवा. खोदकामाच्या बाजूला आधार देईपर्यंत काम थांबवणं गरजेचं आहे. शेजारी खोदणार असं आधी कळलं तर खोदकामाआधीच दोघांनी मिळून घराची पाहणी करून सही करा. नंतर "हे तडे जुनेच होते" हा वाद उरत नाही.

२०. पाण्याचा बंदोबस्त करूनही हालचाल थांबली नाही. पायाची दुरुस्ती कशी होते?

जुन्या पायाखाली नवा, खोल पाया देतात. हे काम मीटर-दीड मीटरच्या तुकड्यांनी, एक सोडून एक असं करावं लागतं. खोदलेला तुकडा भरून काँक्रीट पक्कं झाल्याशिवाय शेजारचा तुकडा उघडायचा नाही. सगळी भिंत एकदम उघडणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नका, घर डोक्यावर येईल. काळ्या मातीत नुसतं सिमेंटचं इंजेक्शन देऊन पाया पक्का होईल असं कोणी सांगत असेल तर सावध राहा. पोकळी असेल तिथे ग्राउट (पातळ सिमेंटचं मिश्रण) जाऊन बसतं, चिकण मातीच्या पापुद्र्यांत ते शिरत नाही. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा हवा, त्याच्या सहीचा.

२१. फ्लॅट नवा आहे. दुरुस्ती बिल्डरने करायची की आम्ही?

रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत दाखवून दिलेला संरचनात्मक दोष प्रवर्तकाने (बिल्डरने) ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तोंडी सांगू नका. फोटो आणि मोजणीच्या वहीसह लेखी कळवा आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर महारेराकडे तक्रार करता येते. मुदत संपत आली असेल तर तडा "अजून थोडा बघू" म्हणून थांबू नका, नोटीस आधी पाठवा.

२२. घराचा विमा आहे. पाया खचल्याचे पैसे मिळतील का?

भारत गृह रक्षा पॉलिसीत घराखालची जमीन खचणं आणि दरड कोसळणं धरलेलं आहे. मात्र नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडकणं, भरावाच्या जमिनीची हालचाल, नदी-समुद्राने केलेली झीज, सदोष आराखडा, वाईट काम किंवा साहित्य, आणि खोदकाम किंवा फेरबदलामुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलं आहे. म्हणजे प्रश्न १८ आणि १९ मधल्या घरमालकांना अडचण येऊ शकते. काळ्या मातीत दर ऋतूला उघडणारा तडा विमा कंपनी सहसा अचानक झालेलं नुकसान मानत नाही. दावा करायचा असेल तर सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत भिंत भरू नका, रंगवू नका. पॉलिसीच्या अटींमधला वगळलेल्या गोष्टींचा भाग विमा घेण्याआधी वाचा, कारण तिथली एक ओळ सगळा दावा फिरवू शकते.